मतदानाआधीचं हळदीकुंकू

माझ्या मुलीची वकिली मी वाटीभर डाळीपायी घालवायला निघाले होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी स्वतःची बाजू मांडायला लागले तरी कुणी भुलणार नाही.

आम्ही साउथहॅम्प्टनला आलो त्याला पस्तीस वर्षं होऊन गेली. हे बंदरात कंटेनरच्या क्रेनच्या देखभालीला होते, मी हॉस्पिटलच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये. मुलगी एकच, इथेच जन्मलेली. नॉटिंगहॅमला कायदा शिकली, तिथेच सॉलिसिटर झाली, आणि गेल्या उन्हाळ्यात इथल्या एका फर्ममध्ये नोकरी धरून परत आली. माझ्या घरी नाही हो! दहा मिनिटांवर फ्लॅट घेतला. "आई, मला माझा स्पेस पाहिजे." घे बाई. संक्रांतीच्या सुमारास एक दिवस येऊन म्हणाली, मी आपल्या वॉर्डातून सिटी कौन्सिलला उभी राहतेय. मी म्हटलं, कशाला नसती उठाठेव? पण मनातून अशा गुदगुल्या झाल्या की दुसऱ्याच दिवशी लॅबमध्ये जाऊन जुन्या मैत्रिणींना सांगून आले. रिटायर झाल्यापासून तिथे पाऊल ठेवलं नव्हतं.

मार्चची थंडी हाडं खात होती आणि ही बया ऑफिस सुटल्यावर दारोदार फिरायची. कॅन्व्हासिंग म्हणतात त्याला. माझ्याकडे जेवायला यायची तेव्हा बूट ओले, नाक लाल, आणि चेहरा पार उतरलेला. कुणी म्हणायचं, आमचं कचऱ्याचं बिन कधी उचलणार ते सांग आधी. कुणी विचारायचं, तू कुठली? "साउथहॅम्प्टन." "नाही गं, मूळची?" माझ्या अंगाची लाही व्हायची. ती नुसती खाली मान घालून पोळी खायची.

तिचा निवडणूक एजंट, म्हणजे उमेदवाराच्या वतीने नियम आणि कागदपत्रं सांभाळणारा माणूस, एक सडपातळ, सदा घाईतला इंग्रज होता. एकदा माझ्या किचनमध्ये चहा पिता पिता म्हणाला, ही सीट थोडक्यात जाणार, कारण इंडियन बायका मतदानाला बाहेरच पडत नाहीत. बोलला आणि माझ्याकडे बघितलं. त्याच्या मनात काही नसेलही. मी मात्र ते मनाला लावून घेतलं. पोर एवढी पायपीट करतेय आणि मी काय करतेय, तर तिचे मोजे रेडिएटरवर वाळत घालतेय.

तेवढ्यात चैत्र लागला. चैत्रात गौर बसवायची, बायकांना हळदीकुंकवाला बोलवायचं, कैरी घालून वाटलेली डाळ आणि पन्हं द्यायचं, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओट्या भरायच्या. हे होते तोवर मी दर वर्षी करायचे. पितळी झोपाळ्यात गौर, तिच्यापुढे पायऱ्यापायऱ्यांची आरास, दारात तीसेक बायकांच्या बुटांचा ढीग. हे गेले आणि ते सगळं थांबलं. विधवेनं हळदीकुंकू करायचं नाही, असं मला तोंडावर कुणी सांगितलं नाही. आमच्या मंडळातल्या बायका शिकल्यासवरलेल्या, त्या असं बोलणार नाहीत. कुणी नको म्हटलं नाही आणि कुणी ये पण म्हटलं नाही. पहिल्या वर्षी एकीचा फोन आला, "तुम्हाला उगाच त्रास नको म्हणून बोलावलं नाही हं." दुसऱ्या वर्षी तोही आला नाही. झोपाळा मी माळ्यावर टाकला.

लेकीला यातलं काही ठाऊक नव्हतं, कारण मी तिला खोटं सांगत आले होते. हे गेले तेव्हा ती नॉटिंगहॅमला पहिल्या वर्षाला होती. शिक्षण सोडून परत येते म्हणून हटून बसली, "तू एकटी काय करणार?" मी म्हटलं, एकटी कुठली, घर भरलेलं असतं माझं. चैत्रात तिनं फोनवर तिच्या इंग्रजाळलेल्या मराठीत विचारलं, "गौर केला का?" माझ्या तोंडून निघून गेलं, "केली की! बावीस जणी आल्या होत्या, डाळ पुरली नाही." त्या पोरीचा आवाज असा मोकळा झाला की काय सांगू. तिनं कॉलेज सोडलं नाही. मग दर चैत्रात तेच. फोनवर सांगायचं आणि वर मेसेजही टाकायचा. विधवेनं काय करायचं आणि काय नाही, हे इथे वाढलेल्या पोरीला कुठून कळणार? तिनं कधी शंका घेतली नाही. घ्यावी तरी का? आई कशाला खोटं बोलेल?

तर या वर्षी मी झोपाळा खाली काढला. म्हटलं, लोक काय म्हणायचं ते म्हणोत. वॉर्डातल्या झाडून सगळ्या बायकांना बोलावलं. मंडळातल्या आल्या, पुण्या-नागपूरहून सॉफ्टवेअरच्या नोकरीवर आलेल्या मुली आल्या, एक केरळची नर्स आणि माझी शेजारीण, पोर्तुगीज, तीही आली. भारत कॉमनवेल्थमध्ये असल्यामुळे व्हिसावर आलेल्या आपल्या लोकांनाही इथे कौन्सिलला मत देता येतं, हे त्यातल्या निम्म्या मुलींना माहीतच नव्हतं. ते मीच सांगितलं. कुंकू लावायला एका नव्या मुलीला बसवलं. तेवढी भीड मला होती. मी डाळ वाढत होते, पन्हं देत होते, आणि निघताना प्रत्येकीच्या हातात एक कागदी पिशवी ठेवत होते. पिशवीत हरभरे, केळं, स्टीलची छोटी वाटी, आणि लेकीच्या प्रचाराचं लीफलेट. लीफलेटवर तिच्या नावापाशी मी हळदीकुंकवाचं बोट लावलं होतं. दारात प्रत्येकीला सांगत होते, "मतदानाच्या गुरुवारी तेवढं माझ्या पोरीकडे लक्ष असू द्या." शेजारणीला इंग्रजीत नीट जमेना, तर मतपत्रिकेवर मारतात तशी हवेत फुली मारून दाखवली.

लेक मध्येच पाच मिनिटं येऊन गेली, कोटावर पक्षाचं रंगीत फितीचं फूल लावूनच. उभ्याउभ्या डाळ खाल्ली आणि डोळे मोठे करून म्हणाली, "आई, दर वर्षी एवढे लोक येतात?" मी म्हटलं, "येतात." पिशव्यांत काय आहे ते तिनं बघितलंसुद्धा नाही, पुढच्या गल्लीत मतं मागायला गेली. त्या दिवशी मी इतकी खूश होते! अकरा वर्षांनी माझ्या दारात बुटांना जागा नव्हती.

शेजारणीबद्दल सांगायला हवं. ती हॉस्पिटलमध्ये साफसफाईला आहे. तिच्या शहरात तिचा भाऊ मेयरच्या निवडणुकीला उभा राहिला होता, त्याच्या गोष्टी ती मला कुंपणावरून सांगायची. तिकडे उमेदवार चौकात आख्खं डुक्कर भाजतो म्हणे, बँड लावतो, टोप्या वाटतो. सगळं शहर जेवून जातं आणि मग हवं त्याला मत देतं. भावानं दोन डुकरं भाजली आणि तरी आपटला. हे सांगताना ती हसून हसून वाकायची. तर मतदानाला आठवडा उरला असताना दुसऱ्या पक्षाचा माणूस तिच्या दारी आला. हिनं थट्टेनं त्याला पिशवी दाखवली. म्हणाली, त्यांनी मला जेवू घातलं, सरबत दिलं, भेट दिली, तुम्ही काय आणलंत? तिच्या गावी अशा थट्टेवर समोरचा हसून मोकळा झाला असता. या माणसानं वाटीचा आणि लीफलेटचा फोटो काढून घेतला.

एजंटचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज थंडगार होता. मतदाराला खायला-प्यायला घालून किंवा भेट देऊन मत मागणं हा इथे गुन्हा आहे. साधासुधा नाही, कायद्यात त्याला भ्रष्ट आचरण म्हणतात. मी म्हटलं, अहो, वाटीभर डाळ! तो म्हणाला, डाळ असो की डिनर. आणि मग त्यानं मला समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. गुन्हा शाबीत झाला तर सीट जाणं ही किरकोळ गोष्ट आहे. तुमची मुलगी सॉलिसिटर आहे. भ्रष्टाचाराचा डाग लागलेल्या किंवा पोलिसांशी खोटं बोललेल्या सॉलिसिटरला या देशात कुणी उभं करत नाही. फोन ठेवला. मी तिथेच, फ्रिजला पाठ लावून, फरशीवर बसले.

लेक आली ती ओरडलीसुद्धा नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "आई, तू काय केला?" एवढंच म्हणाली आणि उरलेल्या पिशव्या एकेक उघडून टेबलावर मांडत गेली. हरभऱ्यांना मोड यायला लागले होते. मी म्हटलं, माझं डोकं फिरलं होतं गं. ती म्हणाली, "डोकं नको बोलू. पोलीस बोलावतील, तेव्हा एकच गोष्ट बघतील. मतांसाठी केला, की नेहमीचा आहे."

पोलिसांनी तिला मतदानाच्या दोन दिवस आधी बोलावलं. जे बोलाल ते पुरावा म्हणून वापरू, असं बजावून घेतात तसली जबानी. मी बाहेर गाडीत बसून होते. तास झाला, दीड झाला. देवाचं नाव घ्यायला गेले तर तेही आठवेना. ती आली, दार लावलं आणि आठवड्यात पहिल्यांदा हसली.

"झाला. मी सांगितला, आई दर वर्षी करते. बाबा गेल्यावर पण, एक वर्ष चुकला नाही. इलेक्शन असो नसो." पट्टा लावता लावता म्हणाली, "ते बोलले, मग तर रिलिजस कस्टम आहे. पुढच्या आठवड्यात तुला बोलावून कन्फर्म करतील. तू काही टेन्शन नको घेऊ. फक्त खरा सांग."

मी मान हलवली. त्याच क्षणी बोलायला हवं होतं. बोलले नाही. तिचं ते हसू जाईल म्हणून बोलले नाही, हेच खरं. माझं सगळं आयुष्य असंच गेलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी फोन फिरवायला बसले. आता लाज कसली बाळगायची! म्हटलं, कुणी विचारलं तर एवढंच सांगा, मी दर वर्षी करते. एक मुलगी म्हणाली, "आंटी, आम्ही तर या देशातच मागच्या वर्षी आलो, आम्हाला काय माहीत?" दुसरीच्या हातून नवऱ्यानं फोन घेतला. "आमच्या व्हिसाचा प्रश्न आहे. प्लीज, परत फोन करू नका." शेवटी मंडळातल्या सगळ्यात ज्येष्ठ बाईंना लावला, आम्ही सगळ्या त्यांना काकू म्हणतो. काकूंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"अगं, मी सांगेनही. पण त्यांनी विचारलं, गेल्या वर्षी गेला होतात का, किती जणी होत्या, तर? मी गडबडणार. आणि मग ते म्हणणार, मायलेकींनी मिळून शिकवलेलं दिसतंय. पोरगी आणखी खोलात जाईल."

आणि मग काकू म्हणाल्या, "आम्ही बोलवायला हवं होतं तुला. इतकी वर्षं."

"ते राहू द्या हो आता," मी म्हटलं आणि फोन ठेवला. अकरा वर्षं जे ऐकायची वाट बघितली ते आलं, आणि मला त्याचं काही करता येईना.

गुरुवारी मतदान झालं. लेक थोडक्यात हरली. मोजणीच्या हॉलमध्ये जिंकलेल्याशी हसून हात मिळवला, मला जवळ घेतलं आणि कानात म्हणाली, "सीट गेली तर गेली. नाव तर राहिलं." मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. आजूबाजूच्यांना वाटलं, बाईला हार सोसवत नाही.

माझी जबानी मंगळवारी होती. चार दिवस मी एकच गणित करत होते आणि ते सुटत नव्हतं. दर वर्षी करते म्हणाले, तर तीस बायकांतली एक जरी खरं बोलली तरी आम्ही दोघी खोट्या. केली नाही म्हणाले, तर लेक पोलिसांशी खोटं बोलली. कुठूनही गेलं तरी मरण तिचंच. माझं काय जात होतं? मी साठी ओलांडलेली बाई, मला काय तुरुंगात घालतील? घाला की! पण तिच्या नावाला धक्का लागता कामा नये, आणि धक्का तर मीच देऊन बसले होते. तिला सांगावं म्हणून दोनदा फोन हातात घेतला. पण जबानीआधी तिच्याशी काही ठरवलं असं दिसायला नको, म्हणून खाली ठेवला.

खोलीत एक पन्नाशीची बाई अधिकारी होती, टेबलावर पाण्याचा ग्लास आणि रेकॉर्डर. माझा ड्यूटी सॉलिसिटर, म्हणजे ठाण्यात फुकट मिळणारा वकील, वीस-बावीस वर्षांचा वाटावा असा, शेजारी. अधिकारी बाईंनी मृदू आवाजात विचारलं, हा समारंभ तुम्ही दर वर्षी करता ना?

ओठावर 'हो' आलं होतं. खरंच आलं होतं. अकरा वर्षांची सवय.

मी म्हटलं, "नाही. नवरा गेल्यापासून एकदाही केला नाही. या वर्षी केला तो मतांसाठी. पिशव्यांचं मुलीला विचारलं नाही, सांगितलंही नाही. ती म्हणाली ना, दर वर्षी करते? ती खोटं बोललेली नाही. तिला तसंच वाटतं, कारण मी तिला तसं सांगत आले."

सॉलिसिटरचं पेन थांबलं. बाई म्हणाल्या, मुलीला वाचवण्यासाठी कुठलीही आई असंच म्हणेल. याला पुरावा काय?

मी फोन काढला. चैत्रातले सगळे मेसेज त्यात होते, मी लेकीला पाठवलेले. मराठीत होते म्हणून मलाच एकेक वाचून इंग्रजीत सांगायला लावलं. तारखेसकट, रेकॉर्डरसमोर. सगळ्यात जुना: आज बावीस जणी, डाळ संपली, तू अभ्यास कर. पुढचा: अठरा जणी, थंडी होती तरी आल्या. त्याच्या पुढचा: पन्हं या वेळी फार छान झालं, सगळ्यांनी तुझी आठवण काढली. मी वाचत होते आणि बाई दर वेळी विचारत होत्या, "आणि प्रत्यक्षात किती आल्या होत्या?"

"कुणी नाही."

"आणि त्याच्या पुढच्या वर्षी?"

"कुणी नाही."

एका वर्षीच्या मेसेजात तर मी एकीचं पन्हं गालिच्यावर सांडवलं होतं आणि डाग कसा काढला तेही लिहिलं होतं. बाईंनी ग्लास पुढे सरकवला. मी पाणी प्यायले आणि वाचलं. सगळं वाचलं. दहावा झाला, अकरावा झाला. शेवटी बाईंनी रेकॉर्डर बंद केला.

मला लेखी ताकीद मिळाली. गुन्हा कबूल केल्याची नोंद माझ्या नावावर राहील. लेकीवर काही कारवाई नाही; तिनं जे सांगितलं ते खरं समजून सांगितलं, असं लिहून आलं. पण ते येण्याआधी तिला पुन्हा बोलावून मेसेज तिच्याही फोनवर आहेत का ते ताडून बघितलं, आणि तेव्हा तिला सगळं कळलं. ते तोंडानं सांगण्याची हिंमत मला शेवटपर्यंत झाली नव्हती.

त्या दिवशी दुपारी ती तडक घरी आली. बेल वाजवली नाही, स्वतःच्या किल्लीनं दार उघडलं. मी जिन्याच्या तळाशी उभी होते. मला वाटलं, आता तरी ओरडेल. म्हटलं, "तू सुटशील आता, मग झालं तर. बाकीचं सोड."

ती कोट न काढता जिन्याच्या पायरीवर बसली.

"गौरच्या दिवशी तू काय करायची मग? दर वर्षी?"

फटकन काहीतरी बोलून मोकळं व्हावं, असं मनात आलं. टीव्ही बघायचे, झोपायचे, काहीही. पण आता आणखी एक खोटं बोलायची ताकद उरली नव्हती.

"तुझ्या फोनची वाट बघायचे," मी म्हटलं. "सकाळपासून. तू संध्याकाळीच करायचीस. मला वाटायचं, कामात असशील."

तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग हातांआडूनच म्हणाली, "कामात नव्हती, आई. मी मुद्दाम लेट करायची. वाटायचा, घर भरलेलं असेल, तू बिझी असशील. नाहीतर सकाळीच केला असता."